मेमरी आणायला गेलेला टेंपो

आमच्या कंपनीत कॉम्प्युटर आला त्या दिवशी त्याच्यापुढे नारळ फोडण्यात आला, आणि नारळाचं पाणी यंत्रावर उडू नये म्हणून आमचे मॅनेजरसाहेब स्वतःचा कोट दोन्ही हातांनी पसरून मध्ये उभे राहिले. पुढच्या सगळ्या प्रकरणात साहेबांनी केलेलं हे एकच काम मला मनापासून पटलं, म्हणून ते आधी सांगून मोकळा होतो.

कंपनी रसायनीची, मी खोपोलीचा आणि खातं टाईम ऑफिस. टाईम ऑफिस म्हणजे कोण आला, कोण नाही आला आणि कोण उशिरा आला याची नोंद ठेवणारं खातं. अशा खात्यातल्या हेडक्लार्कला मित्र नसतात, ओळखी असतात. उशिरा येणारा माणूस स्वतःच्या चुकीने कधी उशिरा येत नाही. एस. टी. चुकीची, घड्याळ चुकीचं, सासू आजारी. आणि शेवटी सगळ्यात चुकीचा मी. इतकी वर्षं लाल शाईचं पेन खिशाला लावून हिंडल्यावर माणसाला कुणी चहाला बोलावलं की तो आधी कारण विचारतो.

तर माझी नेमणूक कॉम्प्युटरवर झाली. मुंबईला जाऊन शिक्षण घेऊन आलो. परत आल्यावर पाहतो तो कॉम्प्युटरची खोली थंडगार केलेली, दाराला पडदा आणि बाहेर चपलांची रांग. आत यायचं तर अनवाणी. बॉयलर हाऊसचे लोक नुसते 'साहेब, बरं चाललंय ना?' एवढं विचारायला येऊन तासभर गारव्यात उभे राहत. एकजण हात जोडून गेला, त्याला मी हटकलं नाही. आमच्या खात्याकडे हात जोडून पाहण्याची ती पहिलीच वेळ होती.

वर्षभर खपून ऑपरेटरांनी कारखाना सुरू झाल्यापासूनच्या साऱ्या हजेऱ्या त्या यंत्रात भरल्या. दर माणसाचं दर महिन्याला एक कार्ड. कार्डांच्या जुन्या पेट्या झुरळांसकट रिकाम्या झाल्या. आणि मग कंपनीला पंचवीस वर्षं पूर्ण होत असल्याचं परिपत्रक निघालं. समारंभाला मुंबईहून चेअरमनसाहेब येणार. समारंभाचा दिवस कामाचा दिवस धरला जाईल, सर्वांनी मांडवात हजर राहावं. आणि ज्या कामगाराची या पंचवीस वर्षांतली हजेरी सर्वांत चोख असेल, त्याचा भिंतीवरचं मोठं लंबकाचं घड्याळ देऊन सत्कार होईल. हा कामगार कोण, हे 'आपला कॉम्प्युटर ठरवील'.

शेवटचं वाक्य मॅनेजरसाहेबांनी मला न विचारता घातलं होतं.

परिपत्रक लागलं तेव्हा सबंध कंपनीने एकाच माणसाकडे पाहिलं. बॉयलर हाऊसचा काळूराम. साजगावचा. कारखान्याचं धुराडं उभं राहत होतं तेव्हापासून नोकरीत, आणि समारंभाच्याच महिन्यात रिटायर होणारा. कंपनीच्या बसमध्ये आम्ही दोघं वर्षानुवर्षं शेजारी बसत आलो. तो खिडकीकडे, मी आतल्या बाजूला. या माणसाने कधी खाडा केला नाही. पोरीचं लग्नसुद्धा साप्ताहिक सुट्टीला लावलं. फक्त एकदा, खूप जुन्या काळी, रसायनीच्या अलीकडे एस. टी. पंक्चर झाली, हा उरलेली वाट धावत आला, आणि तरी गेटवरच्या घड्याळाने त्याला दगा दिला. तेव्हाच्या हेडक्लार्कनी लाल शाईने लेट मार्क मारला. त्याचं शल्य काळूरामच्या पोटात अजून होतं. पावसाळ्यात लोकांचे गुडघे दुखतात, तसा त्याचा तो लेट मार्क दुखायचा.

"भाऊ, ते तेवडं एक झालं," तो बसमध्ये म्हणायचा. "नायतर माझ्यावर डागच नाय."

चंद्राबाईने, म्हणजे त्याच्या बायकोने, परिपत्रकाची बातमी कळल्याच्या दिवशीच बाहेरच्या खोलीत भिंतीवर खिळा ठोकून घेतला. घड्याळ जड असणार म्हणून चांगला मोठा. तोवर भिंत भुंडी दिसू नये म्हणून त्यावर एक कॅलेंडर लटकावलं. येणाऱ्या-जाणाऱ्याला ती कॅलेंडर उचलून खिळा दाखवायची. मीही तो पाहिला. आता प्रश्न यंत्राचा राहिला नव्हता, खिळ्याचा झाला होता.

मी यंत्राला प्रश्न घातला. साधा प्रश्न: सगळी कार्डं बघ आणि सर्वांत चोख माणूस सांग. यंत्र गुरगुरलं. दिवा लुकलुकला. मॅनेजरसाहेब मोजे घालून मागे उभे. बऱ्याच वेळाने पडद्यावर अक्षरं उमटली: 'आउट ऑफ मेमरी'.

"म्हणजे?" साहेब.

"मेमरी संपली, साहेब."

"वर्षभर भरलेलं सगळं विसरला?"

विसरला नव्हता. हे मला शिकवलं होतं, ते मी साहेबांना सांगितलं, तुम्हालाही सांगतो. यंत्रात एक गोदाम असतं आणि एक टेबल असतं. माल गोदामात ठेवायचा. पण पाहायचा झाला की तो टेबलावर मांडावा लागतो. या टेबलाला मेमरी म्हणतात. आमचं गोदाम मोठं होतं, टेबल होतं पाटाएवढं, आणि मी गोदाम आख्खंच्या आख्खं त्यावर रचायला सांगत होतो.

"मग टेबल मोठं आणा," साहेब म्हणाले, आणि मोजे सावरत निघून गेले.

संध्याकाळी घरी ही गोष्ट सांगण्याची चूक मी केली. आमच्या चाळीत कुणाचं काही बिघडलं की उपाय सांगण्यासाठी ते काय आहे हे कळायची अट नसते. समोरच्या गंगाबाईंनी बदाम सुचवले, रात्री भिजवून सकाळी सोलून. विठाबाईंनी ब्राह्मीच्या तेलाची अर्धी बाटली आणून दिली. "यंत्राला नाही लागलं तर तुम्ही लावा," असंही म्हणाल्या. आमच्या सौभाग्यवती इंदूने तेलाची बाटली फडताळात ठेवली आणि तांदूळ निवडता निवडता मान वर न करता निदान केलं.

"भाजीला पाठवलं तर पिशवी विसरून येता. दिवसभर तुमच्याशेजारी बसतं ते. दुसरं काय होणार त्याचं?"

दुसऱ्या दिवशी मी स्टोअर्सकडे मागणी लिहून दिली: 'कॉम्प्युटरसाठी जादा मेमरी.' स्टोअर्सचे रामभाऊ हे अत्यंत सज्जन गृहस्थ. त्यांच्या सज्जनपणाला एकच खोड होती, ती म्हणजे नियम. त्यांनी चष्मा लावून मागणी वाचली.

"परिमाण काय लिहू? नग, किलो की लिटर?"

"नग लिहा."

"जुनी आणलीत?"

"जुनी काय?"

"मेमरी. हातमोजे फाटले की फाटके जमा करून नवे मिळतात. बल्ब गेला की गेलेला बल्ब आणतात. तुमची संपलेली मेमरी जमा करा, नवी न्या."

मी त्यांना गोदाम आणि टेबल समजावलं. रामभाऊंना गोदाम ताबडतोब समजलं, कारण ते त्यातच बसलेले होते. टेबलाशी मात्र ते अडले. शेवटी त्यांनी 'जुनी मेमरी यंत्रातच चिकटलेली असल्याने काढता येत नाही' असा शेरा मारून कागद पुढे ढकलला. तो खरेदी खात्यात गेला. तिथून तीन दुकानांची दरपत्रकं आली. तिथून मुंबईच्या हेड ऑफिसात गेला आणि तिथून प्रश्न घेऊन परत आला: 'मूळ यंत्रासोबत पुरवलेली मेमरी कोणकोणत्या कामी खर्च झाली, याचा तपशील द्यावा.'

तपशील दिला. दोन पानी. आयुष्यात इतकं खोटं मी कधी इतक्या सुवाच्य अक्षरात लिहिलेलं नाही. मंजुरी आली.

मंजुरी आलेली पाहताच रामभाऊंनी टेंपो सांगितला. माल मुंबईहून आणायचा, हेड ऑफिसने मंजूर केलेला, तीन दरपत्रकांचा. म्हणजे तो टेंपोएवढा असणारच, हा त्यांचा हिशेब. मी म्हटलं, "वस्तू लहान असते हो." ते म्हणाले, "बॉयलर आणताना पण असंच सांगितलं होतं." मग टेंपो, ताडपत्री, नायलॉनचा दोर आणि मागच्या बाजूला चार हमाल अशी आमची वरात रसायनीहून निघाली. पुढे ड्रायव्हरशेजारी मी, मांडीवर डबा.

मुंबईच्या दुकानदाराने काउंटरवर एक खोकं ठेवलं. काड्यापेटीपेक्षा मोठं, साबणाच्या वडीपेक्षा लहान. मी विचारलं, "बाकीची?" तो म्हणाला, "एवढीच." त्याने दाराबाहेर पाहिलं. दारात टेंपो उभा होता, आणि ताडपत्री बाजूला सारून चारही हमाल मोठ्या उमेदीने आत पाहत होते. दुकानदाराने पावती दोन्ही हातांनी दिली.

हमालांचा प्रश्न निराळाच. हात न लावता मजुरी घ्यायची कशी? त्यांच्यातला म्होरक्या मला म्हणाला, "साहेब, उद्या कुनी बोल्लं, काय उचललं तुमी, तर?" त्याचं म्हणणं टाईम ऑफिसच्या माणसाला पटण्यासारखंच होतं. शेवटी दुकानापासून टेंपोपर्यंत ते खोकं चौघांनी हातोहात नेलं. रस्त्यावर लोक थांबून पाहत होते. एकाने तर वाट करून दिली.

एवढी महाग वस्तू ताडपत्रीखाली कशाला, म्हणून परतीच्या वाटेवर मी ते शर्टाच्या खिशात ठेवलं. हा शहाणपणा मला गेटवर भोवला. गेटवर हिरामण. हिरामणने चलन वाचलं, टेंपोला एक फेरी मारली, ताडपत्री उचलून पाहिली, चाकांखाली वाकून पाहिलं.

"माल कुठं हाय?"

मी खिशातून काढून दाखवला.

"म्हंजी कंपनीचा माल खिशात घालून चाललाव, अन् वर मलाच दावताव?"

"अरे, मी आत आणतोय, बाहेर नेत नाहीये!"

"चलनावर काय लिवलंय? माल टेंपोतून. खिशातून असं लिवलंय व्हय? उद्या तुमीच माझा खाडा लावाल."

नियमाने वागणाऱ्या माणसाशी भांडता येत नाही. मला तर मुळीच नाही. तेव्हा टेंपोच्या मोकळ्या फळीवर बरोबर मधोमध ते खोकं ठेवण्यात आलं. त्यावर ताडपत्री घालण्यात आली. हमालांनी दोर आवळला, कारण सैल सोडलेला माल हिरामण आत घेत नसे. अशा थाटात कंपनीची मेमरी कंपनीत शिरली. आत वजनकाटा होता. भरलेल्या टेंपोचं वजन झालं, माल उतरवला, रिकाम्या टेंपोचं वजन झालं. दोन्ही सारखंच. रामभाऊंनी दोन्ही आकडे एकाखाली एक मांडले, वजाबाकी केली आणि चष्मा पुसून पुन्हा एकदा केली. मालाच्या रकान्यात त्यांनी शून्य लिहिलं आणि खाली माझी सही घेतली.

मेमरी बसवली. पुन्हा तोच प्रश्न घातला. आणि पुन्हा, 'आउट ऑफ मेमरी'. फरक इतकाच, की आधी ते यंत्र लगेच नाही म्हणायचं, आता अर्धा दिवस गुरगुरून मग नाही म्हणू लागलं. मुलगी द्यायची नाही हे ठरलेलं असून चार दिवस पत्रिका ठेवून घेणाऱ्या माणसासारखं.

मॅनेजरसाहेबांनी मला बोलावून खुर्चीवर बसू दिलं नाही, यावरून काय ते समजा. "शनिवारी चेअरमन येतायत," ते म्हणाले. "घड्याळ आलंय. नाव कोरायची जागा रिकामी आहे. मला नाव पाहिजे."

"काळूरामचं नाव सगळ्यांना माहीतच आहे, साहेब."

"सगळ्यांना माहीत असलेलं नाव नको. कॉम्प्युटरचं नाव पाहिजे."

त्यातच आदल्या रविवारी काळूरामच्या नातवाचं बारसं होतं, साजगावला. काळूरामने मोठ्या विश्वासाने पंगतीची व्यवस्था माझ्याकडे दिली. "भाऊ, तुमी हजेरीतलं मानूस. कोन जेवलं, कोन ऱ्हायलं, तुमच्याशिवाय कोन बगनार?" ऑफिसात माझी पत गेलेली, म्हटलं, निदान इथे तरी करून दाखवू.

माझी पद्धत पक्की होती, आणि ती मी आयुष्यभर पाळत आलो होतो. आधी सगळं समोर, मग निर्णय. मी जाहीर केलं की सारी मंडळी मांडवात आल्याशिवाय वाढायचं नाही. सगळे आत आले की मी त्यांची वर्गवारी करणार. बाळाच्या आईकडचे या बाजूला, बापाकडचे त्या बाजूला, म्हातारी माणसं पुढे, कंपनीवाले मागे. आणि मग एकदम पानं वाढायची. कागदावर नकाशाही काढला होता.

बुद्धवंदना झाली, बाळाचं नाव ठेवून झालं आणि मंडळी मांडवात शिरू लागली. मांडव होता अंगणाएवढा. माणसं होती गावाएवढी. मी दारात उभा राहून "आत सरका, आत सरका" म्हणत होतो. लोक सरकले. आणखी सरकले. बसायला जागा नाही म्हणून उभे राहिले, आणि उभ्या माणसांची वर्गवारी करायला मी आत घुसलो. एका म्हातारबाबांना पुढे न्यावं म्हणून हाताला धरलं, तर ते म्हणाले, "सोड रं, माझी जागा जाईल!" वरणाची बादली घेतलेला वाढपी मध्येच अडकला, त्याला मागे येता येईना, पुढे जाता येईना. इतक्यात कुणीतरी मांडवाच्या खांबाला टेकलं. खांब कलला, मंडळी हलली, वाढपी वळला आणि वरणाची बादली माझ्या छातीवरून खाली आली. नकाशा वरच्या खिशातच होता.

चंद्राबाई पदर खोचून आली. तिने एकवार मांडव पाहिला आणि एकवार मला.

"भावजी, तुमी आता त्या खुर्चीवर बसा. तिथंच बसा. उठू नका." मग ती मांडवाकडे वळली. "ए, मावतील तेवडीच बसा रं! बाकीची भाईर! बसलीत त्यांना वाढा. उठली की पत्रावळी उचला आन् दुसरी बसवा. गाव काय पळून चाललंय व्हय?"

मी खुर्चीवर बसलो. कपाळावरून वरण ओघळत होतं. इंदू लांब बायकांत उभी राहून पदराआड हसत होती, आणि आमच्याकडे पाहून हसणारी ती एकटीच नव्हती. अशा प्रसंगी माणसाने नजर कुठेतरी स्थिर ठेवावी म्हणून मी पंगतीकडे पाहू लागलो. पहिली पंगत जेवून उठली. पत्रावळी गेल्या. जागा मोकळी. दुसरी बसली, जेवली, उठली. पत्रावळी गेल्या. तिसरी बसली. तोच मांडव, तेवढाच मांडव, आणि गाव जेवत चाललं होतं. जेवलेल्यांच्या पत्रावळी कुणी सांभाळून ठेवत नव्हतं. सगळ्या पंगतींमधून चंद्राबाईने स्वतःशी ठेवलं ते फक्त एकदोन जणांचं: कुणाची म्हातारी घरी आहे, कुणाला डबा पाठवायचाय. बाकीचं तिने जेवणाबरोबर सोडून दिलं.

मी खुर्चीवरून उठलो.

"बसा म्हन्लं ना!" चंद्राबाई ओरडली.

"वहिनी, सापडलं!"

"काय सापडलं?"

"टेबल लहान नाहीये. मीच सगळ्यांना एकदम बसवत होतो!"

तिने इंदूला हाक मारली. "ह्यांला आदी जेवाय घाला गं. उपाशी पोटी असं व्हतं."

सोमवारी मी यंत्राला नवा हुकूम लिहिला. सगळं गोदाम उपसू नकोस. एका महिन्याची कार्डं टेबलावर घे. ज्यांचा खाडा दिसेल त्यांचं नाव सोडून दे. ज्यांच्यावर डाग नाही किंवा सगळ्यात थोडा आहे, तेवढीच नावं बाजूला धर. टेबल पुसून टाक. पुढचा महिना बसव. यंत्र बिनतक्रार पंगतींवर पंगती उठवू लागलं. माझ्या लक्षात आलं की ह्या कामाला पहिलीच मेमरी पुरली असती; टेंपोची काहीच गरज नव्हती. ही गोष्ट मी स्टोअर्समध्ये अजून बोललेलो नाही. तुम्हीही बोलू नका.

दुपारी छापखान्यासारखा आवाज करत कागद बाहेर आला. साहेब मोजे घालून मागे उभे होते. कागदावर दोन नावं.

पहिलं: भिवाजी नामा. खाडा नाही, लेट मार्क नाही.

दुसरं: काळूराम, बॉयलर हाऊस. खाडा नाही, लेट मार्क एक.

"भिवाजी नामा!" साहेब उद्गारले. "वा!"

भिवाजी नामाला कंपनीत मी एकटा नीट ओळखत होतो. कॉम्प्युटर शिकवायला आलेल्या माणसाने ऑपरेटरांच्या सरावासाठी 'इकडचं एखादं नाव सांगा' म्हटलं होतं, तेव्हा ते मीच सांगितलं होतं. त्याच्या नावाने प्रत्येकाने सरावाची कार्डं भरली, पंचवीस वर्षांची. आणि सगळीकडे हजर लिहिलं, कारण हजर लिहायला एकच कळ दाबावी लागते. पुसायचं राहून गेलं. भिवाजी नामा नावाचा माणूस नव्हता, नाही आणि म्हणूनच एकदाही चुकला नव्हता.

मी साहेबांच्या मागे धावलो, पण चपला शोधण्यात वेळ गेला. तेवढ्यात त्यांनी मुंबईला फोन केला होता आणि घड्याळ कोरायला पाठवलं होतं.

"साहेब, असा माणूसच नाही!"

साहेबांनी दार लावून घेतलं. "यंत्र चुकत नाही असं मी लेखी दिलंय. जादा मेमरी त्यासाठी घेतलीय. आता 'माणूस नाही' असं कळवू? चेअरमनसाहेब फोनवर काय म्हणाले माहिताय? 'भिवाजी ना? आठवतो मला. कमी बोलायचा.'"

चेअरमनसाहेबांना आठवला म्हटल्यावर बाकीच्यांना आठवायला कितीसा वेळ! दोन दिवसांत भिवाजीची कंपनीभर ओळख निघाली. कँटीनमध्ये तो चहात साखर कमी घ्यायचा हे ठरलं. युनियनने जाहीर केलं की भिवाजीवर इतकी वर्षं अन्याय होत आला, त्याला बढती का नाही? रामभाऊंनी तर त्याने एकदा फाटके हातमोजे व्यवस्थित घडी घालून परत केल्याची आठवण सांगितली आणि त्यांचे डोळे पाणावले.

काळूरामने ती बातमी बसमध्ये ऐकली. साजगाव येईपर्यंत खिडकीबाहेर पाहत होता. उतरताना म्हणाला, "लेट मार्कच आडवा आला म्हना की." दुसऱ्या दिवशी चंद्राबाईने कॅलेंडर वर करून खिळा दाखवणं बंद केल्याचं इंदूकडून कळलं. खिळा काढला मात्र नव्हता. काढला तर भिंतीला भोक दिसतं.

शनिवारी मांडवाच्या दारात हजेरीबुक घेऊन मीच बसलो. नियमाप्रमाणे प्रत्येकाची सही घेतली. काळूराम सगळ्यांच्या आधी आला. इस्त्रीचा सदरा, मागे चंद्राबाई नव्या लुगड्यात. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. हजेरीची वेळ संपल्याचा भोंगा वाजला आणि मी सवयीप्रमाणे रिकाम्या रकान्यांवरून पेन फिरवत गेलो. दोन आजारी, एक रजेवर... आणि एका नावापुढे हात थांबला. भिवाजी नामा. यंत्राने छापलेल्या हजेरीपटात तोही होता. पुढे सही नाही. रजेचा अर्ज नाही.

मी लाल पेन काढलं. इतक्या वर्षांत शेकडो खाडे लावले, पण इतक्या आनंदाने कधी नाही.

व्यासपीठावर भाषणं झाली. मग चेअरमनसाहेबांनी माइक घेतला. "आता मी बोलावतो श्री. भिवाजी नामा यांना!" टाळ्या झाल्या. कुणी उठलं नाही. पुन्हा पुकारा. मांडवात कुजबूज. "इथंच होते आता." "चहा घेताना बघितलं मी." मॅनेजरसाहेब रुमालाने मान पुसू लागले. मी हजेरीबुक काखेत मारून व्यासपीठावर चढलो. मला बोलावलेलं नव्हतं.

"साहेब, भिवाजी नामा आज गैरहजर आहेत."

"का?"

"कळवलेलं नाही. रजेचा अर्ज नाही. खाडा लागलाय." मी पान उघडून लाल खूण दाखवली.

चेअरमनसाहेबांचा चेहरा उतरला. "अरेरे. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा? पण आज समारंभ. आजचा दिवस धरायचा का?"

"परिपत्रकात आहे साहेब, कामाचा दिवस धरला जाईल. मॅनेजरसाहेबांची सही आहे."

मॅनेजरसाहेबांनी नाइलाजाने मान हलवली. त्यांच्या डोळ्यांत मला पहिल्यांदा कृतज्ञतेसारखं काही दिसलं; वाऱ्यामुळेही असेल.

"मग पुढचं नाव कुणाचं?"

"काळूराम, बॉयलर हाऊस. खाडा नाही. लेट मार्क एक."

"लेट मार्क खाड्यापेक्षा लहान ना?"

"पुष्कळ लहान, साहेब," मी म्हणालो. टाईम ऑफिसात आल्यापासून एखाद्या लेट मार्कची बाजू मी घेतली ती तेवढीच.

टाळ्यांनी मांडव दणाणला. काळूराम उठला तो थेट व्यासपीठावर आला, वाटेत कुणाकडे न बघता, भोंगा व्हायच्या आत गेट गाठायचं असल्यासारखा.

रविवारी आम्ही साजगावला गेलो. घड्याळ खिळ्यावर होतं. त्यावरच्या पितळी पट्टीवर 'श्री. भिवाजी नामा यांस' असंच कोरलेलं होतं. पुन्हा कोरायला मंजुरी लागते, आणि तो कागद हेड ऑफिसात गेलेला आहे. चंद्राबाईने त्या पट्टीवर हळदीकुंकवाच्या डबीएवढा फुलांचा गजरा बांधून नाव झाकलं होतं. तिने माझ्यापुढे ताट ठेवलं आणि म्हणाली, "भावजी, आज खुर्चीवर नका बसू. पाटावर बसा. वरन हाय."

जेवून झाल्यावर मी काळूरामला हळूच म्हटलं, "तो भिवाजी बिचारा..."

काळूराम सुपारी कातरत होता. त्याने हात थांबवला.

"भाऊ, पंचवीस वर्सं गेटवर समद्यांच्या आदी मी. ह्यो भिवाजी कोन, ते मला म्हाइत नाय व्हय?" घड्याळाने टोले दिले, ते संपेपर्यंत तो थांबला. मग सुपारी माझ्या हातावर ठेवत म्हणाला, "पन मानूस लय चांगला. बरुबर टायमाला आला नाय."